पाण्याकडे पाठ

“त्या धोंड्यावर पाय नका ठिवू.”

मी पाय उचललेलाच होता. खांद्यावर बारा फुटी पाइप, गळ्यात केबलचं वेटोळं, दातांत पाना, अशा अवतारात मी तो अलगद परत खाली घेतला. मागच्या पडवीत, कोपऱ्यातल्या खांबाला लागून, चौरंगाएवढा एक सपाट काळा दगड जमिनीतून वर आलेला होता. त्याच्या कडेनं चुन्याचा पट्टा ओढलेला. कौलांवर चढायला त्याच्याइतकी सोयीची पायरी त्या घरात दुसरी नव्हती.

“देव आहे का, मावशी?” दातांतला पाना काढून मी विचारलं.

“देव न्हाय.” गजराबाई शेडगे हातातलं सूप बाजूला ठेवून उठल्या. “पर पाय नका ठिवू. शिडी देते.”

देव नाही तर मग काय, हे विचारायची मला गरज वाटली नाही. खेडेगावात दगडागणिक काही ना काही असतंच, असं मी तेव्हा समजत होतो. वय चोवीस, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा, भोरमधल्या एका दुकानात नोकरी आणि पाठीवरच्या पिशवीत सिग्नल मोजायचं मीटर. डोंगरातल्या घरांवर अँटेना बसवायचा आणि जिथं मोबाइलला रेंज नाही तिथं इंटरनेट पोचवायचं, हे माझं काम. दीड वर्षात साठेक घरं केली होती. प्रत्येक कामाचा एक छापील फॉर्म असायचा. त्यात ‘सर्व्हे करणाऱ्याचे नाव’ असा रकाना होता, आणि घरात शिरल्याशिरल्या, काम व्हायच्या आधीच, मी तिथं वळणदार अक्षरात लिहून टाकायचो : केदार निगडे. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल माझ्याच दावणीचा होता.

उंबरटेप हे गाव धरणाच्या पाण्याच्या काठाला. घरांच्या पुढे पाणी. उजव्या हाताला डोंगराची एक सोंड थेट पाण्यात उतरलेली. त्या सोंडेच्या आड, पलीकडच्या काठावर सांजवडी, आणि तिथंच खाली रस्त्याला लागून टॉवर. हवेतून अंतर दीड किलोमीटर, पण मधे सोंड. आणि गावाच्या मागे, छाती काढून उभा असलेला वाघजाईचा कडा. उभाच्या उभा, काळा, एका करवंदीच्या जाळीखेरीज झाडाचं पान नसलेला. एवढं ध्यानात ठेवलं की झालं.

घरातली सून सारिका पुण्याच्या एका कंपनीत गिऱ्हाइकांच्या तक्रारी फोनवर ऐकायचं काम करायची. नवरा लहू गवंडी. आठ महिन्यांपूर्वी परांचीवरून पडला, कमरेचं हाड मोडलं, आणि डॉक्टरांनी अजून वर्षभर तरी अंथरूण सांगितलेलं. सारिकानं होती नव्हती तेवढी रजा घेऊन त्याचं सगळं केलं. ती रजा आता संपली होती. कंपनी म्हणाली, घरून काम कर, पण आधी परीक्षा द्यावी लागेल. मंगळवारी चार ते पाच, सलग तासभर आम्ही तुझ्याशी गिऱ्हाईक बनून बोलणार. लाइन एकदाही तुटता कामा नये. तुटली तर बुधवारी सकाळी पुण्याला कामावर हजर.

तो मंगळवार होता, आणि सकाळचे दहा वाजले होते.

“दादा, चारला चालू असेल ना नक्की?” सारिकानं विचारलं. आवाज शांत, पण हातातल्या ओढणीचं टोक तिनं पिळून दोरी केली होती.

“चार?” मी हसलो. “बाराला चालू करून देतो. मग दुपारची झोप काढा.”

आतून खाटेवरून लहूचा आवाज आला, “बारा म्हंजी आमच्या गवंड्यांचे बारा नव्हं ना, मेस्त्री? आमचे बारा तीनला वाजत्यात.”

मी शिडीवरून कौलांवर गेलो, आढ्यावर पोचलो, पाइपच्या टोकाला अँटेना बांधला. माशाचा काटा असतो ना, मधे कणा आणि दोन्ही बाजूंना काड्या, तसा दिसणारा अँटेना. त्याचं तोंड बरोबर सांजवडीच्या टॉवरच्या दिशेनं धरलं आणि मीटर पाहिलं. उणे एकशे सतरा.

“किती आलं?” खालून गजराबाई.

“उणे एकशे सतरा.”

“चांगलं का वाईट?”

“वाईट. ऐंशी-पंच्याऐंशी यायला पाहिजे.”

“म्हंजी कमी पायजे?”

“नाही मावशी, जास्त पाहिजे. उणे आहे ना. उण्यामध्ये कमी आकडा म्हणजे जास्त.”

गजराबाईंनी थोडा वेळ विचार केला. “आमच्या जमिनीचं बी आसंच हाय, धरनात कमी ग्येली म्हंजी जास्त उरली,” त्या म्हणाल्या, आणि पुन्हा सूप घेऊन बसल्या.

मग मी आढ्याच्या दुसऱ्या टोकाला गेलो. एकशे पंधरा. पाइपला पाइप जोडून वीस फूट उंची केली. एकशे सोळा. दारापुढच्या फणसावर चढलो. मुंग्या चावल्या आणि आकडा आला एकशे अठरा. पुन्हा कौलांवर. या येण्याजाण्यात सात कौलं फुटली. प्रत्येक कौलाबरोबर खाली गजराबाई मान वर करायच्या, काही बोलायच्या नाहीत, आणि फुटलेले तुकडे गोळा करून भिंतीकडेला रचायच्या. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

दीड वाजता मी घामानं निथळत खाली आलो. त्यांनी भाकरी आणि कुळथाचं पिठलं पुढं ठेवलं. इतका वेळ मी एवढंच करत होतो की ज्या सोंडेमुळे सिग्नल अडत होता, तिच्यावरून डोकवायचा प्रयत्न करत होतो. आणि ती सोंड माझ्या पाइपपेक्षा दोनशे फुटांनी उंच होती. हे सकाळी पहिल्या दहा मिनिटांत कळायला हवं होतं. कळलंही होतं बहुतेक. पण उंच चढायचं आणि टॉवरकडे तोंड करायचं, यापलीकडे मला दुसरं काही येतच नव्हतं.

“मेस्त्री,” लहू म्हणाला. खाटेवर उताणा पडूनच तो बोलायचा. “उंच गेलं की सगळं घावतं आसं न्हाय. माज्याकडं बगा.”

मी हसायचा प्रयत्न केला. मग सारिकाला म्हटलं, “ताई, खरं सांगतो. इथं होणार नाही. जागाच तशी आहे.”

सारिका आत गेली, आणि फळीवरची बॅग काढल्याचा आवाज आला. मग कपड्यांच्या घड्या घातल्याचा. दारातून मला लहू दिसत होता. त्याचे डोळे भरले होते आणि ते कुणाला दिसू नयेत असं त्याला वाटत होतं. पण तोंड भिंतीकडे वळवायलाही त्याला माणूस लागायचा. तोही धिप्पाड गडी. साठीच्या गजराबाईंना एकटीला तो कुशीवर वळवता आला नसता. सून गेली म्हणजे काय होणार, हे त्या घरात कुणी तोंडानं बोलत नव्हतं, आणि बोलायची गरजही नव्हती.

गजराबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी मला विचारलं, “तुमचा त्यो टावर सांजवडीत नक्की कुटं हाय, भाऊ?”

मी मोबाइलमधला नकाशा उघडून दाखवला, आणि नकाशाचं त्यांना काही कळणार नाही म्हणून तोंडानं सांगितलं, “पूल उतरला की डाव्या हाताला. जुना नावेचा धक्का होता म्हणतात ना, त्याच्या वरच्या अंगाला.”

“चिंचंपाशी?”

“हो. मोठी चिंच आहे तिथं.”

“आगं बया,” गजराबाई म्हणाल्या. “म्हंजी फुलीच्या दारात?”

“फुली कोण?”

“माजी भन.” त्या उठल्या होत्या. “मला वाटलं टावर म्हंजी डोंगरावर आसंल कुटंतरी. सकाळीच इचारलं आस्तं तर तुमची वणवण वाचली आस्ती. चला मागं.”

मागच्या पडवीत त्या मला त्या चुना लावलेल्या धोंड्यापाशी घेऊन गेल्या.

“चपला काढा. हां. आता ठिवा पाय.”

मी धोंड्यावर उभा राहिलो.

“त्यो काटा घ्या हातात. आता त्येचं त्वांड कड्याकडं करा.”

“मावशी,” मी म्हटलं, “टॉवर पुढच्या अंगाला आहे. कडा मागच्या अंगाला. हे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.”

“आसू द्या,” त्या म्हणाल्या. “बंब कुटं जातोय त्ये बगू तरी. धरा.”

दमलो होतो, हरलो होतो, आणि म्हाताऱ्या माणसाचं मन मोडायला जीव धजत नव्हता, म्हणून मी टॉवरकडे सरळ पाठ केली आणि अँटेना कड्याकडे धरला. छातीइतक्या उंचीवर, पडवीच्या वळचणीखाली, माझ्या सगळ्या शिक्षणाच्या विरुद्ध.

उणे एकशे चार.

मी मीटर बंद करून परत चालू केलं. एकशे तीन.

“खाली धरलं तुमी,” गजराबाई म्हणाल्या. त्यांनी माझं कोपर धरलं आणि वर उचललं. “कड्यावर त्यो पांढरा डाग दिसतोय का? गिधाडांच्या घरट्याचा? त्येच्या खाली बगा. करवंदीची जाळी जितं सपती तितं. वाईच डावीकडं. न्हाय, लई झालं. हां… हां. तितं.”

शहाण्णव. नव्वद. चौऱ्याऐंशी. अठ्ठ्याहत्तर.

मी अँटेना टॉवरकडे वळवला. आकडा गेला. परत कड्याकडे, करवंदीच्या जाळीकडे. अठ्ठ्याहत्तर. आकडा आता हलत नव्हता.

कॉलेजात दुसऱ्या वर्षाला हा धडा होता. लहरी मोठ्या सपाट गोष्टीवर आपटून परततात, भिंतीवर चेंडू मारावा तशा. परीक्षेला पाच मार्कांना आला होता आणि मी पाचही घेतले होते. पण शिडी घेऊन कौलं फोडताना तो मला एकदाही आठवला नाही. आणि ही बाई, जिला नकाशा कळणार नाही असं मी धरून चाललो होतो, ती माझं कोपर इंचाइंचानं हलवून सांगत होती की त्या अख्ख्या कड्यावर नेमकी कुठली जागा.

“ताई!” मी ओरडलो. “बॅग ठेवा परत!”

मग दीड तास मी मान वर केली नाही. अँटेना धोंड्याशेजारच्या खांबाला दोन पट्ट्यांनी आवळला. केबल वळचणीतून, भिंतीच्या कडेनं, खिडकीतून आत घेतली. माझ्याकडे दहा मीटर होती, नऊ लागली. साडेतीनला राउटरचे चारही दिवे हिरवे झाले. सारिकानं कानाला हेडफोन लावला, लॅपटॉप उघडला, आणि देवापुढे बसावं तशी त्याच्यासमोर बसली.

गजराबाईंनी तोवर आपली तयारी केली होती. कोंबड्या डालग्याखाली झाकल्या. म्हशीच्या गळ्यातली घंटा काढून कोनाड्यात ठेवली. शेजारच्या घरात जाऊन गिरण बंद ठेवायला सांगून आल्या. लहूला म्हणाल्या, “खोकायचं न्हाय.”

“आये, खोकला आला तर?”

“गिळायचा.”

चार वाजता आतून सारिकाचा आवाज ऐकू आला. “नमस्कार, मी सारिका बोलते. सांगा, मी आपली काय मदत करू?” इतका स्वच्छ, इतका मोकळा, की कुणाला वाटलं असतं ही बाई पुण्यात काचेच्या इमारतीत बसली आहे.

आम्ही दोघं मागच्या पडवीत बसलो, धोंड्याच्या बाजूला. माझ्या हातात मीटर होतं. मी दर मिनिटाला आकडा बघत होतो. गजराबाई आकड्याकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

“मावशी,” मी हळू आवाजात विचारलं, “तुम्हाला कसं माहीत?”

“टावरचं न्हवतं म्हाईत. हाकंचं म्हाईत व्हतं.”

“कसली हाक?”

त्यांनी धोंड्यावर पडलेला पाला हातानं बाजूला केला.

“पूल न्हवता तवा हितं. येष्टी पल्याड, डागदर पल्याड. नाव पल्याडच्या काठाला बांदल्याली. फुलीचा सासरा नावाडी. सकाळी दोन खेपा, सांजंला दोन. मधी कुनाला नड लागली तर हाक मारायची, मग त्यो नाव आनायचा. आमची थोरली व्हती, हिरा. लहूच्या आदी. आडीच वर्साची. भादव्यात तापली. दुपारच्या पारी डोळं फिरवाया लागली.”

आतून सारिका कुणाला तरी समजावत होती, “नाही काका, तुमचं म्हणणं बरोबर आहे.”

“म्या पान्याच्या काठाला जाऊन हाका मारल्या. फुलेऽऽ, नाव पाठीव. नरडं फुटूस्तवर. दुपार कलली. कुनी येईना. फुली आपल्या दारात तांदूळ निवडीत बसली व्हती. दारातच व्हती. पर तिला काय ऐकूच ग्येलं न्हाय. ह्यी सोंड हाय ना मधी, ती सगळा आवाज खाती. सांजंची नाव यायची तवाच आली.” त्यांनी आणखी एक पान उचलून बाजूला टाकलं. “पोरगी नावंतच ग्येली.”

मीटरवर एकोणऐंशी होतं. मी त्याच्याकडेच बघत राहिलो. दुसरीकडे कुठे बघणार?

“फुली लई रडायची. आक्के, मी दारातच व्हते गं, म्हनायची. मंग भाताची कापनी झाली आन् म्या म्हनलं, फुले, ह्ये आसं पुन्ना कुनाचं व्हऊ द्यायचं न्हाय. तू दारात बसायचं. मी रोज सूर्व्या डोक्यावर आला की हाक मारनार. आज हितनं, उद्या तितनं. तुला ऐकू आलं तर घरामागच्या टेकाडावर चढायचं आन् पांढरं फडकं वर करायचं. टेकाडाचा शेंडा हितनं दिसतो.”

“रोज?”

“रोज. एका जागी तीन हाका. न्हाय फडकं दिसलं की दुसऱ्या दिशी म्होरं सरकायचं. खळ्यातनं, बांदावरनं, देवळाच्या पायरीवरनं, झाडावर चढूनशान. थंडी ग्येली, उन्हाळा ग्येला. लोक म्हनायचे, पोरीपायी येडी झाली. सासूनं देवऋष्याकडं न्येलं. त्येनं कोंबडं घेतलं आन् म्हनला, व्हईल बरी.”

“आणि मग?”

“मंग एका दिशी लई राग आला. कुनाचा येनार? देवीचा आला.” त्यांनी हनुवटीनं कड्याकडे खूण केली. “ही वाघजाई. म्हनलं, तू येवडी डोक्यावर बसल्याली, तुला तरी माजी हाक ऐकू ग्येली व्हती का? घर तवा ल्हान व्हतं, हितनं पल्याडचं दिसायचं. पान्याकडं पाठ क्येली, ह्या धोंड्यावर उबी ऱ्हायले आन् तिला शिव्या दिल्या. जेवड्या येत व्हत्या तेवड्या. आन् रडून झाल्यावर माघारी वळून बगते, तर टेकाडावर पांढरं.”

मी धोंड्याकडे पाहिलं, मग कड्याकडे.

“फुलीला सगळ्या शिव्या ऐकू गेल्या व्हत्या,” गजराबाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदा किंचित हसल्या. “तिनं दुसऱ्या दिशी इचारलं, आक्के, कुनाला येवडं बोलत व्हतीस? मंग पंदरा दिस ह्या धोंड्यावरनं, पान्याकडं पाठ करूनच हाक मारली. वाऱ्यात, धुक्यात, पावसात. कड्याच्या कुटल्या अंगाला त्वांड क्येलं की लई चांगलं जातंय, त्ये बी बगितलं. पंदराच्या पंदरा दिस फडकं. मंग गावाला सांगितलं. पैल्यांदा हसले. नावाड्याला हाक मारायची आन् पाठ दावायची म्हंजी काय! पर पूल होईस्तवर बावीस वर्सं, ह्या धोंड्यावरनं हाक मारली आन् नाव आली न्हाय, आसं एक डाव झालं न्हाय. आडल्याल्या बाया ग्येल्या, सापाचं पान लागल्याली दोन मानसं ग्येली. समदी माघारी आली.”

“आणि ही पडवी?”

“घर वाडवलं तवा गवंडी म्हनला, धोंडा फोडू. म्या म्हनलं, घर वाकडं झालं तर चालंल.”

मी मान वर करून पाहिलं. पडवी खरोखरच तिरकी होती. सकाळपासून मला ती दिसत होती, आणि बांधकाम गावठी आहे, असं म्हणून मी सोडून दिलं होतं.

पाचाला पाच कमी असताना मीटर एकदा ब्याऐंशीवर गेलं. मग एकोणऐंशीवर आलं. आत सारिकाचा आवाज तसाच चालू होता. मग तो थांबला. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ती मागच्या दारात आली, हेडफोन गळ्यात, आणि सासूकडे बघून तिनं फक्त मान हलवली. वरून खाली, दोनदा. गजराबाईंनी तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि कपाळाला कपाळ टेकवलं.

“खोकू का आता?” आतून लहूनं विचारलं.

तिघंही हसलो, आणि हसता हसता सारिका रडली. मी पिशवीतून फॉर्म काढला, कारण काहीतरी करणं मला भाग होतं. अँटेनाची दिशा : पश्चिम, वाघजाईचा कडा, करवंदीच्या जाळीखाली. उंची : साडेचार फूट. मिळालेला सिग्नल : उणे अठ्ठ्याहत्तर. मग सर्व्हेचा रकाना आला. तिथं सकाळी लिहिलेलं माझं वळणदार नाव होतं. साठ घरं केली होती मी, पण सर्व्हे म्हणजे काय, ते मला त्या दुपारी पडवीत बसून कळलं होतं. मी माझं नाव खोडलं आणि वर लिहिलं : गजराबाई शेडगे.

“काय खोडलं?” त्यांनी विचारलं.

“ही जागा कुणी शोधली ते लिहायचं असतं, मावशी. तुमचं नाव घातलं.”

“माजं येकलीचं नगं.” त्या एकदम म्हणाल्या. “हाका मारनं सोपं आस्तं, लेकरा. हाक न्हाय आली तरी रोज दारात कान देऊन बसायचं, त्ये फुलीनं क्येलं. तिचं बी घाल.”

मी लिहिलं : आणि फुलाबाई. माझ्या शेठनं दुसऱ्या दिवशी हे काय म्हणून विचारलं. मी सांगितलं. त्यांनी तो फॉर्म फाइलला लावला नाही, काचेखाली ठेवला. आज नऊ वर्षांनी माझं स्वतःचं दुकान आहे आणि तो कागद माझ्या टेबलावर आहे. शेठनीच दिला. नव्या गावात गेलो की मी आधी शिडी मागत नाही. पूर्वी इथं हाक कुठून मारायचे, ते विचारतो. अजून तरी असा धोंडा दुसरीकडे सापडलेला नाही, पण विचारायचं सोडलं नाही.

त्या संध्याकाळी सारिका डोळे पुसून म्हणाली, “आत्या, फुलामावशींना फोन लावू? आता घरातून लागेल.”

“लाव की. पर थांब वाईच.”

गजराबाईंनी चपला काढल्या. पदर कमरेला खोचला, धोंड्यावर चढल्या, पाण्याकडे पाठ केली, आणि दोन्ही हात तोंडाभोवती धरून कड्याला हाक मारली.

“फुलेऽऽऽ!”

साठीतल्या बाईच्या छातीत इतका आवाज असेल असं मला वाटलं नव्हतं. डालग्याखालच्या कोंबड्या फडफडल्या. आवाज कड्यावर गेला, आणि आमच्या डोक्यावरून परत पाण्याकडे निघून गेला. मग त्यांनी आणखी दोनदा हाक मारली. तीन हाका.

“आत्या, सोळा वर्षं झाली पूल होऊन,” सारिका हळूच म्हणाली. “त्यांना काय कळणार? आणि गुडघे किती दुखतात त्यांचे.”

गजराबाई धोंड्यावरून उतरल्या. घराच्या कडेच्या बोळातून आम्ही पुढच्या अंगणात आलो. पाणी स्थिर होतं. सोंडेच्या टोकावरून पलीकडच्या टेकाडाचा तेवढा शेंडा दिसत होता, दोन झुडपं आणि मोकळं आभाळ. एक मिनिट गेलं. दोन गेली. पाच गेली. मी गजराबाईंकडे बघायचं टाळत होतो.

आणि मग त्या दोन झुडपांच्या मधे कुणीतरी हळूहळू, एकेक पाऊल टाकत वर आलं. एवढंएवढंसं. थांबलं, दम खाल्ला. आणि हात वर केला. हातात पांढरं होतं.

गजराबाईंनी पदराचं टोक वर धरून हलवलं. पलीकडचं पांढरंही हललं.

“ऐकलं तिनं,” त्या म्हणाल्या. “आता लाव फोन.”